सत्कार झाले, आता ऑर्डर द्या

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत आमचं खोक्यांचं अन् छपाईच्या डब्यांचं छोटं युनिट आहे, वडिलांनी सुरू केलं, आता मी पाहतो. इथल्या नवीन छोट्या धंद्यांना सत्कारापेक्षा ऑर्डर का लागते, ते मला या शेडमधून दिसतं. शेडच्या मागच्या भिंतीवर खिळे ठोकून डाय टांगलेल्या आहेत. ज्यांचा या लाइनशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो, प्लायवुडमध्ये पोलादी पट्ट्या बसवून डबा कापायचा जो साचा करतात त्याला डाय म्हणतात, कापायची पट्टी धारदार असते, घडी पाडायची बोथट असते, अन् कापलेला कागद अडकून बसू नये म्हणून पट्टीच्या दोन्ही बाजूंना रबराचे तुकडे चिकटवलेले असतात. प्रत्येक मापाच्या डब्याची डाय वेगळी. आम्ही प्रत्येकीवर मार्करनं ब्रँडचं नाव अन् तारीख लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या ऑर्डरला शोधत बसावं लागत नाही.

त्या भिंतीवरच्या अर्ध्याहून जास्त डाय एकदाच मशीनवर चढल्या. रबर कडक होऊन गळून पडलं, पट्टीला गंज आला, पण नाव वाचता येतं. मी त्या फेकत नाही. जागा जाते, कामगार दर दिवाळीच्या साफसफाईला विचारतात की भाऊ या काढू का, मी नाही म्हणतो, कारण प्रत्येक नावामागचं माणूस मला आठवतं, कोण कोणत्या गाडीवर आलं होतं, नमुना कशात आणला होता, डब्यावरचा केशरी रंग अजून थोडा गडद करा म्हणून किती वेळा सांगितलं होतं, सगळं.

नागपुरात कोणी नवीन धंदा काढतो, विशेष करून खायच्या वस्तूचा, तेव्हा बँकेत जायच्या आधी तो आमच्यासारख्याकडे येतो. डबा हातात आल्याशिवाय धंदा खरा वाटत नाही माणसाला. काटोलकडचा एक पोट्टा संत्र्याच्या सालीची पावडर घेऊन आला होता, घरच्याच बगीच्यातली संत्री, मृग बहाराची. एका घरचा पिढीजात सावजी मसाला होता, एकांची भिवापुरी मिरची, दोघा इंजिनीअर मित्रांनी कापसाच्या शेतात ओल मोजायचं यंत्र केलं होतं त्याला खोकं पाहिजे होतं. धंदा चालणार का नाही हे कळायला माझ्याकडे एकच हिशोब आहे, दुसऱ्यांदा डबे मागायला आला का. पहिले ५०० डबे सगळ्यांचेच खपतात, मामा घेतो, ऑफिसचे मित्र घेतात, भिशीतल्या बाया घेतात, सोसायटीच्या ग्रुपवर लोकं अंगठे दाखवतात अन् एकेक पाकीट नेतात, हे सगळं प्रेमापोटी. दुसऱ्या ऑर्डरला प्रेम पुरत नाही, तिथं बाजार लागतो, अन् तिथंच हे लोकं गळून पडतात.

गेली दहा वर्षं मी या शहरात ऐकून राहिलो की स्थानिक उद्योजकाला सपोर्ट केला पाहिजे, नागपूर स्टार्टअपचं शहर झालं पाहिजे. ऐकायला छान वाटतं, मलाही ते व्हावं असं मनापासून वाटतं. पण सपोर्ट म्हणून जे दिलं जातं ते काय असतं ते पाहा, एक सेमिनार, धंद्याची आयडिया मांडायची एक पिच कॉम्पिटिशन, मोठ्या चेकसोबत फोटो, पुण्याहून बोलावलेल्या माणसाचं भाषण, शाल, श्रीफळ, सर्टिफिकेट. या गोष्टी वाईट नाहीत, नवख्या माणसाला हिंमत येते. पण धंदा हिमतीवर दोन महिने चालतो, तिसऱ्या महिन्याला कच्चा माल आणायला रोख पैसा लागतो. माझं म्हणणं सरळ आहे, सपोर्ट म्हणजे ऑर्डर अन् ऑर्डरचे पैसे ठरल्या तारखेला. हे दोन नसतील तर बाकीच्या सपोर्टनं काही होत नाही, अन् हे दोन असतील तर बाकीचं नसलं तरी माणूस तरून जातो.

एक उदाहरण सांगतो, नाव सांगणार नाही कारण त्या ताईंना ते आवडणार नाही. मानेवाड्याकडून यायच्या, जवसाची चटणी करायच्या, कोरडी, लसूण घातलेली. पहिल्यांदा आल्या तेव्हा स्टीलच्या डब्यात चटणी अन् रुमालात बांधलेल्या चार भाकरी घेऊन आल्या होत्या, म्हणाल्या, दादा आधी खाऊन पाहा, मग डब्याचं बोलू. माझ्या दोन्ही मशीनवरच्या पोरांनी हात धुवून तिथंच खाल्ली. ५०० डबे केले, दोन महिन्यांत संपले. मग त्यांना एका खासगी संस्थेच्या होस्टेलची ऑर्डर मिळाली, महिन्याला ४० किलो. त्यांना एवढा आनंद झाला होता की पेढे घेऊन शेडवर आल्या. महिला दिनाला त्याच संस्थेत त्यांचा सत्कार पण झाला, यशस्वी महिला उद्योजक म्हणून, तो फोटो त्यांनी मला पाठवला होता.

पहिल्या महिन्याचं बिल दिलं, अकाउंटवाल्यानं ठेवून घेतलं. दुसऱ्या महिन्याचं दिलं. तिसऱ्या महिन्याला विचारलं तर साहेबांची सही राहिली आहे. मग मार्चचं क्लोजिंग. मग परीक्षा. मग जे साहेब होते त्यांची बदली. ताई दर आठवड्याला दुपारची बस पकडून जायच्या अन् बाहेरच्या बाकावर बसून यायच्या. इकडे जवस इतवारीतून रोखीनं, लसूण रोखीनं, तेल रोखीनं, मदतीला ठेवलेल्या दोन बायांचा पगार शनिवारी. पैसे मिळाले सातव्या महिन्यात, अन् त्यातही काही पाकिटं फुटलेली होती म्हणून कापून घेतले, कोणती फुटली होती ते दाखवलं नाही. त्याच्या आधीच, पाचव्या महिन्यात, त्यांचा मला फोन आला. माझ्याकडे त्यांचे १,००० डबे छापून तयार होते, फक्त कटिंग राहिलं होतं. म्हणाल्या, दादा, डबे थांबवा. एवढंच. मी पण काही विचारलं नाही. ते छापलेले कागद अजून रॅकवर आहेत.

चटणी वाईट नव्हती, भाव चुकला नव्हता, गिऱ्हाईक नव्हतं असंही नाही. गिऱ्हाईक होतं, त्यानं खाल्लं, पुन्हा मागवलं, सत्कार केला, फक्त पैसे वेळेवर दिले नाहीत. आपण म्हणतो दहातले नऊ स्टार्टअप बुडतात कारण आयडिया चालली नाही. माझ्या भिंतीवरच्या कितीतरी डायंची आयडिया चालली होती.

आता कोणी म्हणेल कायदा आहे ना. आहे, अन् चांगला आहे. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु अन् मध्यम उद्योगांच्या, कायद्याचं १५ वं कलम सांगतं की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. पुढचं कलम सांगतं की उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. तक्रारीसाठी फॅसिलिटेशन कौन्सिल आहे, २०१७ पासून समाधान नावाचं पोर्टल आहे, घरबसल्या तक्रार टाकता येते, अन् निकाल विरोधात गेला तर खरेदीदाराला कोर्टात जायच्या आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. ताईंची उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडची नोंद, होती. मी स्वतः त्यांना म्हटलं टाका तक्रार, मी सोबत येतो. त्या म्हणाल्या, दादा, मग या गावात मला कोण ऑर्डर देईल?

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नागपूर वाढलं, मेट्रो आली, उड्डाणपुलांवर उड्डाणपूल झाले, पण धंद्यात हे अजून गावच आहे. एका संस्थेचा परचेसवाला दुसऱ्या संस्थेतल्या परचेसवाल्यासोबत रोज चहा पितो. तक्रार करणारी बाई अशी एकदा ख्याती झाली की दारं बंद. म्हणून कायदा पुस्तकात राहतो. सरकारनं नंतर इन्कम टॅक्समध्ये पण पाचर मारली, १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेलं ४३बी एच कलम, म्हणजे सूक्ष्म अन् लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला मिळत नाही, ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी मिळेल. यात कोणाला तक्रार करायची गरज नाही, खरेदीदाराचा सीए स्वतःच त्याला ओरडतो, म्हणून हा उपाय मला जास्त पटला. मार्च महिन्यात खरंच काही जुनी येणी आली माझी. पण काही जणांनी काय केलं, उद्यम नोंदणी असलेल्याकडून माल घेणंच कमी केलं, एकानं तर मला तोंडावर म्हटलं की तुमचं ते रजिस्ट्रेशन रद्द करून टाका मग बोलू. मी नाही केलं. त्याचं काम माझ्या हातून गेलं.

अन् हे फक्त चटणीवाल्या ताईंचं नाही, आमच्यासारख्या जरा जुन्या युनिटचंही तेच आहे. मी माल दिला, बिल फाडलं, की पुढच्या महिन्याच्या २० तारखेच्या आत त्यावरचा जीएसटी मला भरावाच लागतो, गिऱ्हाईकानं दमडी दिलेली नसली तरी. म्हणजे माझा माल त्याच्याकडे, माझे पैसे त्याच्याकडे, अन् वरून त्याच्या वतीनं टॅक्स पण मीच भरला, अन् तो त्याचं क्रेडिट घेऊन, म्हणजे तेवढी रक्कम स्वतःच्या टॅक्समधून वजा करून, मोकळा. १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याला ते क्रेडिट परत करावं लागतं असा नियम आहे, म्हणून पाहा, बरेच जण बरोबर पाचव्या-सहाव्या महिन्यात पैसे देतात. तोपर्यंत त्यांचा धंदा आमच्या पैशावर चालतो.

उधारीबद्दल मात्र एक गोष्ट नीट सांगायची आहे, कारण लगेच म्हणतील की नागपूरचा सगळा बाजारच उधारीवर चालतो, त्याला काय करणार. चालतो, अन् मी उधारीच्या विरोधात नाही. माझ्या वडिलांकडे काहीच नव्हतं तेव्हा गांधीबागच्या एका कागदवाल्यानं त्यांना दोन महिन्यांच्या वायद्यावर कागद दिला, ना गहाण ना सही, नुसतं तोंडी, वर हे पण सांगितलं की कोणत्या गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं. आज ज्याला सीड फंडिंग, म्हणजे सुरुवातीचं भांडवल, अन् मेंटर म्हणतात ते दोन्ही त्या एका गादीवर बसलेल्या माणसानं केलं. इतवारीत किराण्यापासून हार्डवेअरपर्यंत हजारो दुकानं अशीच उभी राहिली. पण तिथं उधारी कोण कोणाला देत होतं? मोठा लहानाला. ज्याच्याकडे पैसा आहे तो ज्याच्याकडे नाही त्याला. आता उलटं झालं. होस्टेल, हॉस्पिटल, बिल्डर, मोठी कंपनी, यांच्याकडे एफडी आहेत, ओव्हरड्राफ्ट आहे, अन् हे मानेवाड्याच्या बाईकडून सात महिन्यांची उधारी घेतात, बिनव्याजी. दोन्हीला आपण उधारीच म्हणतो, पण एकीनं धंदे उभे राहिले अन् दुसरीनं बसले.

नागपूरला हे नवीन नाही की बाहेरून आलेल्या आयडियावर इथल्या पैसेवाल्याचा विश्वास बसत नाही. जमशेदजी टाटांनी त्यांची पहिली मोठी गिरणी मुंबईत न काढता इथं काढली, एम्प्रेस मिल, १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली त्याच दिवशी, म्हणून ते नाव. कापूस जवळ, कोळसा जवळ, रेल्वे होती. पण जागा दलदलीची होती, भर टाकावी लागली, अन् सांगतात की इथल्या एका सावकारानं पैसे द्यायला नकार दिला, म्हणे हा माणूस मातीत सोनं पुरून राहिला. नंतर त्याच सावकारानं कबूल केलं की त्यानं सोनं पुरलं नव्हतं, माती टाकून सोनं काढलं. टाटांकडे मुंबईचा पैसा होता म्हणून नकार पचला. विको काढणारे केशव पेंढारकर नागपुरात किराणा दुकान चालवायचे, ते मुंबईला गेले अन् १९५२ मध्ये विको तिथं उभी केली, दारोदार फिरून दंतमंजन विकून. आपण अभिमानानं सांगतो की ते आपले, खरंच आपले, पण गेले ना इथून. अन् आईस्क्रीमवाले दिनशॉज पाहा, राणा बंधूंनी १९३२ मध्ये गिट्टीखदानला दुधापासून सुरुवात केली. दूध अशी वस्तू आहे की गिऱ्हाईक गल्लीतलंच लागतं, रोजच लागतं, अन् हिशोब महिन्याला चुकता होतो. शेजारच्या घरांनी रोज दूध घेतलं अन् महिन्याला पैसे दिले म्हणून पुढचं आईस्क्रीम झालं, मला तरी तो धंदा टिकायचं कारण असंच दिसतं.

योजनांवर फार वेळ घालवत नाही, कारण त्या आहेत अन् बऱ्याच चांगल्या आहेत. मुद्रा कर्ज २०१५ पासून आहे, केंद्राच्या पीएमईजीपी योजनेत मॅन्युफॅक्चरिंगला ५० लाखांपर्यंतचा प्रोजेक्ट बसतो अन् सबसिडी मिळते, ठरावीक रकमेपर्यंतच्या कर्जाला सूक्ष्म-लघु उद्योगाकडून तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम कितीतरी वर्षांपासून आहे. पण कर्ज म्हणजे गिऱ्हाईक नाही. कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेला खात्यातून कापला जातो, तिथं साहेबांची सही राहत नाही, अन् बिलाचे पैसे सातव्या महिन्यात येतात, मग मधले महिने कुठून भरायचे? अशानं कर्जानं माणूस उभा राहायच्या ऐवजी लवकर पडतो, हे मी डोळ्यानं पाहिलं.

अजून एक गोष्ट खटकते. २०१६ मध्ये स्टार्टअप इंडिया आलं, त्यात स्टार्टअप म्हणून मान्यता घ्यायची तर प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी, नोंदणी केलेली भागीदारी असं काहीतरी पाहिजे. एकट्याच्या नावावरची फर्म त्यात बसत नाही. आता माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेक सगळे एकट्याच्या नावावर धंदा करतात, कारण कंपनी केली की ऑडिट आलं, आरओसीचे, म्हणजे कंपनी रजिस्ट्रारचे, फॉर्म आले, सीएची फी आली. म्हणजे ज्या बाईनं स्वयंपाकघरात ब्रँड उभा केला ती कागदावर स्टार्टअपच नाही. मग स्टार्टअपसाठी जे काही होतं, हॉल भरतो, लॅपटॉपवाली मुलं येतात, त्यांचंही कौतुक आहेच, पण या बायांना अन् काटोलच्या पोरांना कोणी बोलावत नाही. माझ्या मते हा भेदच खोटा आहे. ओल मोजायचं यंत्र करणाऱ्या त्या दोन इंजिनीअरांना पत्र्याचा डबा वाकवून दिला आमच्या शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्यानं, खोकं दिलं मी, सर्किट बोर्ड बाहेरून आला पण जोडणी केली वाडीच्या एका टीव्ही रिपेअरवाल्यानं. छोटा धंदा उभा असेल तरच स्टार्टअपला वस्तू बनवता येते. एक मेला की दुसरा अडतो.

आता दुसरी बाजू. मी परचेसवाल्यांशी बोलतो, त्यांचं पण ऐकलं पाहिजे. ते म्हणतात लोकल माल महाग पडतो अन् वेळेवर येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. महाग का पडतो ते मी डब्यावरून सांगतो. डायला समजा साडेतीन हजार, चार रंगांच्या प्लेटांना दोन हजार, मशीन लावून रंग जुळेपर्यंत वाया जाणारा कागद अन् वेळ धरून अजून एक हजार, असे साडेसहा हजार झाले. हा खर्च ५०० डबे छापा की ५,००० छापा, तेवढाच येतो. ५०० वर टाकला तर डब्यामागं १३ रुपये, ५,००० वर टाकला तर १ रुपया ३० पैसे. मसाल्याचं पाकीट ६० रुपयांचं अन् त्यात १३ रुपये नुसता डब्याच्या तयारीला, कागद वेगळाच. मोठ्या ब्रँडशी हा माणूस भावात कसा भिडणार? पण हेच गणित उलटं वाचा. त्याला ५,००० ची ऑर्डर दिली तर तो आपोआप स्वस्त होतो, त्याला कोणी सबसिडी द्यायला नको. जो खरेदीदार म्हणतो की आधी स्वस्त हो मग ऑर्डर देतो, तो हे समजूनच घेत नाही की स्वस्त होणं त्याच्याच हातात आहे.

वेळेवर न येण्याचा दोष मात्र आपल्या पोरांचा आहे, तिथं मी त्यांची बाजू घेणार नाही. लग्नाचा सीझन आला की कॉस्टिंग विसरतात, एका बॅचला मीठ जास्त, दुसऱ्या बॅचला कमी, फोन उचलत नाहीत. मी कितीदा सांगितलं की बाबा डब्यावर सोनेरी फॉइल नको, आधी वजनकाटा चांगला घे. काही जण इन्व्हेस्टर येईल म्हणून वाट पाहत बसतात अन् दारात आलेल्या २० किलोच्या ऑर्डरला नाही म्हणतात. हे बदललं पाहिजे, अन् बदलतं पण, पण ते भाषणानं बदलत नाही, चालू ऑर्डर हातात असताना बदलतं. दर सोमवारी माल द्यायचा आहे अन् सोमवारी पैसे मिळणार आहेत हे पक्कं असेल तर माणूस रविवारी रात्री जागून माल तयार ठेवतो. ज्या गिऱ्हाईकाकडून पैसेच कधी येतील माहीत नाही त्याच्यासाठी कोण जागेल?

कोणाच्या मेहेरबानीवर धंदा चालावा असं मी म्हणतच नाही. नागपूरचा आहे म्हणून खराब माल घ्या असं तर बिलकुल नाही. छोटी चाचणी ऑर्डर द्या, नमुना तपासा, नापास झाला तर पहिल्याच आठवड्यात तोंडावर सांगा, त्यातही त्याचं भलं आहे. पास झाला तर पैसे वेळेवर द्या अन् पुढची ऑर्डर द्या.

अन् ऑर्डर देऊ शकणारे या शहरात कमी आहेत का? कोळसा काढणाऱ्या वेकोलिचं मुख्यालय इथं, मँगनीज काढणाऱ्या मॉईलचं इथं, अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी इथं, रेल्वेची दोन-दोन मंडळं इथं. केंद्राच्या खात्यांनी अन् सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के माल सूक्ष्म अन् लघु उद्योगांकडून घ्यायचा असं २०१२ चं, २०१८ मध्ये सुधारलेलं धोरण आहे, त्यात ३ टक्के महिला उद्योजकांकडून, ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांकडून. उद्यम नोंदणी असेल तर टेंडरची अनामत माफ असते. हे आमच्या किती पोरांना माहीत आहे? माझ्याकडे येणाऱ्या दहा जणांना विचारलं तर एखाद्याला. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर नाव घालायला बसवून शिकवणारा एक माणूस दर शनिवारी एमआयडीसीत दोन तास बसला तर ते दहा सेमिनारांपेक्षा जास्त कामाचं होईल. राज्य सरकारनं स्टार्टअप वीकमध्ये एक फार चांगली गोष्ट केली, निवडलेल्या २४ स्टार्टअपना बक्षिसाचा चेक न देता सरकारी कामाची १५ लाखांपर्यंतची ऑर्डर दिली, करून दाखवा म्हणून. मला ही पद्धत मनापासून आवडते. पाण्याच्या टाकीवरचा सेन्सर असेल, शाळेतल्या खिचडीचा मसाला असेल, महापालिकेनं अन् जिल्हा परिषदेनं वर्षाला अशा लाख-दोन लाखांच्या वीस ऑर्डर काढल्या तरी या शहरात काय काय उभं राहील!

पण सगळं सरकारवर ढकलायचं नाही मला. दिवाळी जवळ आली की नागपुरातल्या कंपन्या, हॉस्पिटलं, बँका, बिल्डर, स्टाफला गिफ्ट देतात, ते डबे कितीदा मीच छापतो, आतला माल बाहेरून येतो. त्यातला चौथा हिस्सा जरी इथल्या छोट्या ब्रँडचा घेतला अन् अर्धे पैसे ॲडव्हान्स दिले तर सप्टेंबर महिन्यात माझ्या भिंतीवरच्या कितीतरी डाय खाली येतील. सीताबर्डीवरच्या, धरमपेठेतल्या दुकानदारांनी काउंटरजवळ एक फळी द्यावी, विकलं तर पैसे नाही तर माल परत, पण विकलं तर महिन्याच्या आत. मी स्वतः दोन वर्षांपासून एक केलं, पहिल्या ऑर्डरला डायचे पैसे घेत नाही, दुसऱ्या ऑर्डरला निम्मे घेतो, तिसऱ्याला उरलेले. तिसरी आली नाही तर ते माझे गेले. आतापर्यंत गेले त्यापेक्षा आले जास्त, म्हणून पुढेही चालू ठेवणार. आमच्या शेजारच्या पत्र्यावाल्यानं पण असंच काही सुरू केलं, त्याच्या पद्धतीनं.

शेवटचं बोलणं ज्या संस्था उद्योजकता शिकवतात त्यांच्याशी आहे. आयआयएम इथं २०१५ मध्ये आली, नवीन धंद्यांना जागा अन् मदत देणारं विद्यापीठाचं इन्क्युबेशन सेंटर आहे, इंजिनीअरिंग कॉलेजांमध्ये ई-सेल, म्हणजे उद्योजकतेचे गट, आहेत, मुलं हुशार आहेत, प्राध्यापक मनापासून शिकवतात, मी तिथं डबे पोचवायला गेलो की मुलं थांबवून प्रश्न विचारतात, बरं वाटतं. या सगळ्यांच्या कॅन्टीन आहेत, होस्टेल आहेत, मेस आहेत, लॅब आहेत, कार्यक्रमांना गिफ्ट लागतात, पोस्टर लागतात, युनिफॉर्म लागतात. स्वतःच्या सेंटरमधल्या, स्वतःच्या शहरातल्या नवीन धंद्यांकडून यावर्षी कितीची खरेदी केली अन् बिल आल्यापासून किती दिवसांत पैसे दिले, एवढे दोन आकडे प्रत्येक संस्थेनं ३१ मार्चला एका कागदावर लिहून गेटजवळच्या नोटीस बोर्डावर लावावेत. पहिल्या वर्षी आकडा लहान असला तरी चालेल.